मिरगाच्या आत घाट चढायचा!

आपल्यापैकी कुणाला उद्या बॉर्डर रोड्समध्ये नोकरी लागली आणि पोस्टिंग लेहला मिळालं, तर स्वतःची बॅग भरायला दोन दिवस पुरतील. पण घरचा कुत्रा बरोबर न्यायचा असेल तर? इथल्या दमट हवेत वाढलेला प्राणी तिकडच्या उंच, कोरड्या, विरळ हवेत टिकवायचा कसा? या प्रश्नाचं एक जुनं, पिढ्यान् पिढ्या तपासलेलं उत्तर दर वर्षी आपल्या शहापूर-मुरबाडच्या रस्त्यांवरून चालत जातं. आपण ते एस.टी.च्या खिडकीतून बघतो, "मेंढ्यांमुळे लेट झाला यार" म्हणतो आणि विसरून जातो.

हे उत्तर म्हणजे घाटावरचे धनगर आणि त्यांची मेंढरं. पारनेर-संगमनेरकडचे मेंढपाळ दसरा-दिवाळीच्या सुमारास माळशेज घाटाने मुरबाडात उतरतात. काही कळप कसाऱ्याच्या बाजूने शहापूर तालुक्यात येतात. तेव्हा इकडे भातकाप चालू असते. कापणी झालेल्या शेतात शेतकरी मेंढरं बसवून घेतो. रात्रभर लेंड्या आणि मूत जमिनीत पडतं, आयतं खत मिळतं. बदल्यात मेंढपाळाला धान्य किंवा रोख पैसे. दोघांचंही भलं! मग उन्हाळा संपत आला की हाच वाडा (म्हणजे चार-सहा कुटुंबांचा तळ) पुन्हा घाट चढून कोरड्या मुलखात परततो. मृग नक्षत्र लागतं ७-८ जूनला. "मिरगाच्या आत घाट चढायचा" हा साधा नियम.

हवामानाचं गणित

हा नियम का, ते समजून घेऊ. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीवर आदळतात, वर चढतात, थंड होतात आणि इकडेच रिकामे होतात. त्यामुळे शहापूर-मुरबाडला वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेच वारे घाट ओलांडून पलीकडे उतरले की कोरडे असतात. पारनेरच्या बाजूला वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. मधलं अंतर किती? मुरबाडपासून रस्त्याने १३० ते १५० किलोमीटर. म्हणजे मुंबई-पुणे एवढ्या अंतरात पावसाचा पाव हिस्साच उरतो. यालाच भूगोलात पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

दख्खनी मेंढी या कोरड्या माळासाठीच घडली आहे. जाडीभरडी लोकर, काटक पाय, खुरटं गवत खाऊन जगायची सवय. तिला आपला जुलै महिना सोसत नाही. लोकर भिजून जड होते आणि वाळतच नाही. चिखलात खूर मऊ पडतात आणि सडतात. साचलेल्या पाण्यातल्या गोगलगायींमधून लिव्हर फ्लूक नावाचा कृमी पसरतो, तो यकृतात घर करतो. पावसाळी चिलटांमुळे नीलजिव्हा हा रोग येतो. म्हणजे उशीर झाला तर नुसती गैरसोय होत नाही, कळपच्या कळप आजारी पडतो. मेंढपाळाची सगळी इस्टेट चार पायांवर असते. तिचं नुकसान म्हणजे घराचं दिवाळं.

चालणं हेच औषध

आता खरी गंमत. ट्रक केला तर हा प्रवास अर्ध्या दिवसाचा. चालत रोज दहा-बारा किलोमीटर धरले, तर बारा-पंधरा दिवस लागतात. वरकरणी वेळेचा अपव्यय! पण नीट पाहिलं तर हे बारा-पंधरा दिवस फुकट जात नाहीत.

पहिली गोष्ट चाऱ्याची. मेंढीच्या पोटाचा मोठा कप्पा म्हणजे आंबवण्याची टाकी. आत कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात आणि प्रत्येक प्रकारच्या चाऱ्यासाठी त्यांचं प्रमाण वेगळं असतं. चारा एकदम बदलला तर टाकीचं काम बिघडतं, पोट फुगतं, हगवण लागते. नवं सेटिंग बसायला आठ-दहा दिवस तरी लागतात. चालत जाताना चारा दर मुक्कामाला थोडा थोडा बदलतो. आधी भाताचे बांध आणि झाडपाला, मग घाटातलं वाळलं गवत, मग वरची पडीक रानं. कोवळ्या गवतावर एकदम तुटून पडलेल्या मेंढ्यांना आंत्रविषार होऊ शकतो, म्हणून त्याची लस पावसाळ्याच्या आधीच टोचून घ्यायची असते.

दुसरी गोष्ट उंचीची. माळशेजचा माथा सुमारे ७०० मीटरवर. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश या हिशोबाने खाली आणि वर चार-साडेचार अंशांचा फरक. हवेचा दाब जेमतेम आठ टक्क्यांनी कमी. हा बदल फार नाही, पण त्यात मेच्या उन्हातली चढण मिळवा! म्हणून चालायचं सकाळी आणि संध्याकाळी. दुपारी सावली आणि पाणी.

तिसरी गोष्ट व्यवस्थेची. बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादून पुढे जातात आणि मुक्कामाची जागा धरतात. घोड्यावर भांडी, पाल, कोंबड्या आणि चालू न शकणारी कोकरं. पुरुष मेंढरं घेऊन चरत चरत मागून येतात. रात्री कळपाभोवती वाघर लावतात, म्हणजे जाळीचं कुंपण. बाहेर कुत्री जागी. कारभारी पुढचा मुक्काम ठरवतो तो गाभण मेंढी आणि लहान कोकरू किती चालेल ते बघून. साखळीची ताकद तिच्या सगळ्यात कच्च्या कडीएवढी असते, हे आपण पहिल्या वर्षी शिकतो. कारभाऱ्याला ते लहानपणापासून माहीत असतं.

लेहला न्यायचं असेल तर

आता हेच तत्त्व आपल्या कुत्र्याला लावून पाहू. लेह ३५०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब इथल्या ६५ टक्के, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच. वर्षाचा पाऊस १०० मिलिमीटरच्या आसपास. विमान दिल्लीहून दीड तासाच्या आत पोहोचवतं, पण शरीर पोहोचायला वेळ लागतो. रक्त आणि श्वास नव्या हवेशी जुळवून घेतात ते दिवसांच्या हिशोबाने. माणसाचं तसंच कुत्र्याचं.

म्हणून शक्य असेल तर रस्त्याने, पायऱ्या-पायऱ्यांनी जावं. श्रीनगर साधारण १६०० मीटरवर, कारगिल २७०० च्या आसपास, मग लेह. या वाटेवरची सर्वांत उंच खिंड फोटू ला सुमारे ४१०० मीटरची, पण मुक्काम खालीच होतात. मनालीकडून गेलं तर टांगलांग ला ५३०० मीटरच्या घरात आणि मधले मुक्कामही उंचावरचे. पहिली वाट सोसते, दुसरी अंगावर येते. पोहोचल्यावर निदान दोन-तीन दिवस पळापळ, चेंडूबिंडू बंद. पाणी भरपूर, कारण कुत्रा धापेतून पाणी गमावतो आणि कोरडी हवा ते आणखी ओढून घेते. पंजे फुटतात, त्यांना मलम लावावं (खोबरेल तिकडे दगड होऊन बसेल). खाणं सोडलं, उलटी-खोकला झाला, बसल्या जागी धाप लागली किंवा हिरड्या निळसर दिसल्या, तर वाट बघायची नाही, लगेच डॉक्टर गाठायचा आणि खाली उतरवायचं. रेबीजची लस आणि प्रवासयोग्य असल्याचा दाखला निघण्याआधीच घ्यावा.

आणि एक. २००३ च्या हच्चच्या जाहिरातीनंतर घरोघरी आलेला तो चपट्या नाकाचा पग आठवतो ना? त्याला इथल्या उन्हाळ्यातच श्वास पुरत नाही. त्याला लेहला न्यायचा हट्ट करू नये, मामाकडे ठेवावं. कारभारीही सगळी जनावरं प्रत्येक वाटेवर नेत नाही. कोण जाईल आणि कोण मागे राहील, हा निर्णय प्रवासाचाच भाग आहे.

वाट राहील का?

ज्यांच्याकडून हे शिकायचं, त्यांची वाट मात्र दर वर्षी अरुंद होते आहे. घाट ओलांडायचे हे रस्ते फार जुने. वैशाखऱ्याजवळून चढणारा नाणेघाट तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या सातवाहनांच्या काळातला. तिथल्या लेण्यातल्या लेखात यज्ञात दान दिलेल्या हजारो गायींचे आकडे कोरलेले आहेत! आज माळशेजमधून राष्ट्रीय महामार्ग जातो, त्याच वळणांवर ट्रक आणि त्याच वळणांवर मेंढरं. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो. कसाऱ्याजवळचा त्याचा बोगदा आठ किलोमीटरच्या जवळपास आहे, गाडी काही मिनिटांत बाहेर पडते. पण त्या रस्त्यावर जनावराला पाऊल टाकता येत नाही. पलीकडे जायचं तर पुलाखालची वाट शोधायची. शेतांचे प्लॉट झाले की मेंढरं बसवायला जागाही उरत नाही.

रस्ते नकोत असं कोण म्हणेल? आपण तर उद्याचे इंजिनिअर! पण सिव्हिलच्या मंडळींनी ड्रॉइंगवर अंडरपास काढताना त्याखालून तीनशे मेंढरं, पाच घोडे आणि बिऱ्हाड जाणार आहे हे धरून रुंदी ठरवावी, पाणी साचू नये असा उतार द्यावा. ते खर्चात फार नाही, फक्त आधी सुचायला हवं. आणि बाकी सगळ्यांना जमण्यासारखं एक काम आहे. मे महिन्यात टोकावड्याच्या पुढे बाइकवर कळप लागला, तर हॉर्न वाजवू नका, कडेला थांबा. हॉर्नने मेंढरं बुजतात आणि वळणावर समोरच्या गाडीखाली जातात. पाच मिनिटं लागतील. त्यांना पुढे अजून दहा दिवस चालायचं आहे आणि मिरग कुणासाठी थांबत नाही.