पालातली फळी आणि मागची गाडी

गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडला महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते. अशा कुठल्याही यात्रेतला दुकानदार आठवा. पालात एक फळी मांडलेली. तिच्यावर खपणारा माल, बाकीचा मागच्या गाडीत. गिऱ्हाईक वाढले, फळी अपुरी पडू लागली की त्याची धावपळ सुरू होते. एक वस्तू आत ठेव, दुसरी बाहेर आण. दुकानदार हुशार असला तरी गिऱ्हाईक ताटकळतेच.

संगणकात हीच गोष्ट क्षणोक्षणी घडत असते. रॅम म्हणजे फळी, हार्ड डिस्क म्हणजे गाडी आणि विंडोज किंवा लिनक्ससारखी कार्यप्रणाली म्हणजे दुकानदार. रॅम भरली की वापरात नसलेला मजकूर ती डिस्कवर सरकवते आणि लागेल तेव्हा परत आणते. ही युक्ती १९६२ साली मँचेस्टरच्या ॲटलस संगणकात आली. युक्ती उत्तमच, पण जुन्या फिरत्या डिस्कला रॅमच्या तुलनेत लाखाच्या घरात जास्त वेळ लागतो. आपण ज्याला ‘मशीन हँग झाले’ म्हणतो, ते पुष्कळदा या हेलपाट्यांमुळे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक कामाला लागला. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. तेवढ्या जागेत आज हा एक लेख जेमतेम बसेल! १९९५ च्या विंडोजला किमान ४ मेगाबाइट रॅम लागे. २०२१ च्या विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट, म्हणजे हजारपटीहून थोडी अधिक. यातली बरीच वाढ निव्वळ चैन आहे, असे माझे मत. पण सगळीच नव्हे.

डॉसच्या जमान्यात स्मृतीला भिंतीच नव्हत्या. एक प्रोग्राम दुसऱ्याच्या जागेत खुशाल लिहू शकत असे. आजची कार्यप्रणाली प्रत्येकाला वेगळी खोली देते. ब्राउझरमधली पानेही वेगवेगळ्या खोल्यांत राहतात, म्हणून एक पान कोसळले तरी बाकीची टिकतात. खोल्या वाढल्या की जागा जास्त लागणारच. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या ‘मॉरिस वर्म’ने एक वाट अशी काढली होती: ठरलेल्या जागेत मावेल त्याहून जास्त मजकूर कोंबायचा आणि सांडलेल्या भागातून आपली आज्ञा चालवायची. त्यावर २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सुधारणेत, माहितीच्या जागेतून आज्ञा चालवण्यास मनाई आली. पुढे २००७ च्या व्हिस्टात प्रोग्रामचे पत्ते दर वेळी बदलू लागले. चोराला घर सापडू नये म्हणून. तरीही जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ उघडकीस आले. प्रोसेसरच्या रचनेतल्या दोषामुळे भिंतीपलीकडची माहिती वाचता येत होती. डागडुजी झाली, पण काही कामांचा वेग घटला.

खेड्यापाड्यांतल्या सेवा केंद्रांत, शाळांत आणि आपल्या घरांतही खरा धोका साधा आहे. रॅम तोकडी, मशीन रडतखडत चाललेले, दाखल्यासाठी रांग लागलेली. मग कोणीतरी अँटिव्हायरस बंद करतो, अपडेट थांबवतो. वेग मिळतो, पण लोकांचे आधार क्रमांक आणि बँकखाती त्याच मशीनवर असतात. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि घरगुती ग्राहकांसाठी जाहीर झालेली वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ ला रॅमबरोबरच टीपीएम २.० ही सुरक्षेची सोयही लागते. म्हणजे नुसती रॅम वाढवून प्रत्येक जुने यंत्र पात्र ठरेल, असे नाही.

म्हणून लगेच नवा संगणक घ्यावा का? मी तरी आधी नेहमीची कामे चालू ठेवून टास्क मॅनेजरमधला ‘मेमरी’चा आकडा पाहीन. तो सतत नव्वद टक्क्यांच्या पुढे असेल, तर रॅम वाढवण्यात अर्थ आहे. निम्मीच भरत असेल, तर दुकानदार काही सांगो, तिथे पैसे घालू नयेत. फिरती डिस्क काढून एसएसडी बसवावी. बत्तीस बिटांचे घरगुती विंडोज चार गिगाबाइटपलीकडची रॅम वापरतच नाही, हेही पाहावे. जुने यंत्र विंडोज ११ ला पात्र नसेल, तर हलके लिनक्स घालून पत्रव्यवहार आणि मुलांचा अभ्यास उत्तम चालतो. मात्र प्रिंटर आणि अंगठ्याचे यंत्र त्यावर चालते का, हे आधी तपासावे.

आणि रॅम आणायला जाताना जुनी पट्टी बरोबर न्यावी. डीडीआर-३ ची पट्टी डीडीआर-४ च्या खाचेत बसत नाही.