रंग बदलतात, अक्षर हलत नाही

वेबसाइटच्या वरच्या कोपऱ्यात चंद्राचं एक छोटं चिन्ह असतं. त्यावर बोट टेकवलं की पांढरं पान काळं होतं, काळी अक्षरं पांढरट होतात, गडद निळ्या लिंक आकाशी होतात. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. पान पुन्हा लोड झालेलं नसतं, सर्व्हरकडून काही नवं आलेलं नसतं. आपण ज्या ओळीपर्यंत वाचत आलो होतो, ती ओळ जागची हललेलीही नसते. मग बदललं तरी काय?

कॉम्प्युटरवरच्या बहुतेक ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबलं की पानाची आतली बाजू उघडते. ती उघडी ठेवून चंद्राचं बटण दाबून पाहा. शेकडो टॅगांच्या त्या उतरंडीत बऱ्याच साइटवर एकाच जागी फरक पडतो: सगळ्यात वरच्या एचटीएमएल टॅगवर. तिथे 'लाइट' असतं, त्याचं 'डार्क' होतं. बस्स, एक शब्द! मजकुराला, फोटोंना, बटणांना कुणी हातही लावलेला नसतो.

खुबी अशी, की चांगला डेव्हलपर परिच्छेदाला 'तुझा रंग काळा' असं सांगतच नाही. तो सांगतो, 'तुझा रंग शाईचा.' शाई म्हणजे कोणता रंग, हे पानाच्या माथ्यावर एकदाच ठरतं. लाइटसाठी एक, डार्कसाठी दुसरा. पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेत याला कस्टम प्रॉपर्टी म्हणतात, रोजच्या बोलण्यात सीएसएस व्हेरिएबल. नावाआधी दोन आडव्या रेघा द्यायच्या, एवढाच नियम. आणि हे नाव इंग्रजीच हवं असंही नाही. --शाई, --कागद, --समास अशी देवनागरी नावं दिली तरी ब्राउझर ती बिनतक्रार मानतो. करून पाहा, फार छान वाटतं.

माथ्यावर ठरलेली शाई खालपर्यंत पोचते ती वारशाने. आडनाव जसं आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून मुलांकडे उतरतं, तशी ती एचटीएमएल टॅगवरून त्याच्या पोटातल्या टॅगांकडे, तिथून त्यांच्या पोटातल्यांकडे उतरत जाते. मधल्याच एखाद्याने वेगळी शाई ठरवली, तर तिथून खालच्या शाखेला ती लागू. म्हणून काळ्या पानात एखादी चौकट पांढरी ठेवणं सोपं जातं. फायरफॉक्समध्ये ही सोय २०१४ साली आली, क्रोममध्ये २०१६ साली. त्याआधीही सॅससारख्या, सीएसएस तयार करून देणाऱ्या साधनांत व्हेरिएबल होते, पण ते पान ब्राउझरपर्यंत पोचण्याआधीच विरघळून जायचे आणि मागे नुसते रंगांचे आकडे उरायचे. आता नाव पानासोबत जिवंत राहतं, म्हणून त्याचा अर्थ कधीही बदलता येतो.

ओळ हलत का नाही, याचं उत्तर ब्राउझरच्या कामाच्या क्रमात आहे. आधी तो कुणाला कोणती शैली लागू हे ठरवतो, मग कोण कुठे आणि किती जागेत बसणार याची मांडणी करतो, मग रंगवतो. फक्त रंगच बदलले असतील तर मांडणीचा सगळा खटाटोप तो वगळतो. शब्दांची रुंदी तीच, ओळी तिथेच तुटलेल्या. फक्त रंगाचा नवा हात फिरतो.

पण मला सगळ्यात जास्त भारावून टाकते ती यामागची जुनी कल्पना. १० ऑक्टोबर १९९४ रोजी होकोन व्ह्यूम ली या नॉर्वेजियन तंत्रज्ञाने एक प्रस्ताव मांडला. ते तेव्हा जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत होते, जिथे टिम बर्नर्स-ली यांनी वेब जन्माला घातलं होतं. वेबपान दिसावं कसं, हे लेखकाने ठरवायचं की वाचकाने, असा प्रश्न होता. होकोन ली यांचं उत्तर होतं: दोघांनी मिळून. त्या प्रस्तावात प्रत्येक नियमापुढे टक्केवारी होती. मथळ्याचा आकार २४ पॉइंट, आग्रह १०० टक्के. उपमथळा २० पॉइंट, आग्रह ४० टक्के. म्हणजे उरलेल्या ६० टक्क्यांवर दुसऱ्याचं म्हणणं ऐकायला हरकत नाही. आणि पहिली शैली कोणाची? वाचकाची! त्याने हवं तर सगळा ताबा स्वतःकडे ठेवावा, नाहीतर बराचसा वाटा पुढे लेखकाच्या हवाली करावा. वरून खाली येणाऱ्या या क्रमालाच कॅस्केड म्हटलं गेलं आणि सीएसएसमधला पहिला 'सी' तोच.

पुढे बर्ट बॉस हे तंत्रज्ञ होकोन ली यांना येऊन मिळाले. डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती अधिकृत झाली, तेव्हा टक्केवारी गळाली होती. पण लेखक आणि वाचक दोघांच्याही शैलींना स्थान राहिलं. त्या आवृत्तीत दोघांनीही एखाद्या नियमावर 'महत्त्वाचा' अशी खूण केली, तर लेखक जिंकत असे. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा निवाडा उलटवला गेला: अशा वेळी वाचक जिंकेल. ज्याला मोठं अक्षर किंवा ठळक रंग हवेच आहेत, त्याच्या डोळ्यांपुढे लेखकाची हौस दुय्यम. एवढा मोठा निर्णय, आणि तो तांत्रिक दस्तऐवजातल्या काही वाक्यांत घेतलेला आहे.

मजकूर आणि रूप वेगळं ठेवलं तर काय घडू शकतं, हे जगाला दाखवलं डेव्ह शे यांच्या 'सीएसएस झेन गार्डन'ने, २००३ साली. एचटीएमएल सगळ्यांसाठी एकच, त्यात अक्षराचाही बदल करायचा नाही. पाठवायची ती फक्त शैलीची फाइल. जगभरातल्या डिझायनरांनी त्याच मजकुराला इतकी भिन्न रूपं दिली, की पान एकच आहे यावर विश्वास बसू नये.

२०१८ मध्ये मॅकच्या मोहावी आवृत्तीत डार्क मोड आला आणि २०१९ मध्ये सफारी, फायरफॉक्स, क्रोम या तिघांनीही 'या माणसाने आपल्या यंत्रावर गडद रूप निवडलंय का?' हे विचारण्याची सोय वेबपानांना दिली. त्यामुळे बटण न दाबताही पान आपल्या आवडीचं रूप घेऊन उघडू शकतं. बटण दाबलंच, तर ती निवड बहुधा आपल्याच ब्राउझरच्या साठ्यात नोंदवली जाते. इथेच एक गमतीची अडचण येते. सर्व्हरला त्या नोंदीचा पत्ता नसतो. तो पान पाठवून देतो आणि ब्राउझर नोंद वाचेपर्यंत पांढरा झगझगीत लोळ डोळ्यांवर येतो. उपाय म्हणजे पानाच्या अगदी डोक्याशी चार ओळींची स्क्रिप्ट, जी रंगकाम सुरू होण्याआधीच नोंद वाचते. एरवी स्क्रिप्टने पानाला खोळंबून ठेवू नये असं प्रत्येकाला शिकवतात. इथे मात्र तो क्षणभराचा खोळंबा मुद्दाम घडवायचा.

डार्क थीम म्हणजे नुसती काळ्या-पांढऱ्याची अदलाबदल, असं वाटत असेल तर निळा रंग घेऊन बघा. आपल्या डोळ्यांना पडद्यावरचे लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग सारखे उजळ दिसत नाहीत. पडद्यावरच्या उजेडाचा हिशोब करताना हिरव्याचा वाटा ०.७१५२ धरतात, लालचा ०.२१२६ आणि निळ्याचा फक्त ०.०७२२. त्यामुळे शुद्ध निळी लिंक पांढऱ्या पानावर ८.५९ : १ इतक्या फरकाने उठून दिसते, पण तीच काळ्यावर ठेवली की फरक उरतो २.४४ : १. साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ हवा, असं वेबचे सुगम्यतेचे निकष सांगतात. म्हणून डार्क थीममधली लिंक आकाशी असते. प्रत्येक शाईची गडद पानावरची जोडीदार वेगळी शोधावी लागते.

अक्षरांचंही तसंच. काळ्यावरची उजळ आकृती आहे त्याहून मोठी भासते, याचं वर्णन हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच केलं होतं. ज्यांना सिलिंड्रिकल नंबर आहे, त्यांतल्या अनेकांना अशा अक्षरांच्या कडा पसरट दिसतात. देवनागरीत हे जास्त जाणवतं: 'ष्ट', 'द्ध', 'क्ष' यांच्या पोटातल्या मोकळ्या जागा आधीच चिमुकल्या, त्या भरून आल्यासारख्या वाटतात. मुंबईच्या एक टाइपने केलेल्या 'अनेक देवनागरी'सारख्या व्हेरिएबल फॉन्टमध्ये जाडी हवी तेवढी कमी-जास्त करता येते. डार्क थीमसाठी जाडीचा आकडा ४०० वरून ३६० केला तरी जोडाक्षरं मोकळी होतात. मराठी साइट करणाऱ्यांनी एवढं जरूर करावं, असं मला मनापासून वाटतं. फक्त जाडी बदलली की शब्दांची रुंदीही किंचित बदलते आणि ओळी हलू शकतात, हे ध्यानात ठेवून.

वाचकाच्या हाती जवळजवळ पूर्ण ताबा देणारी थीम आजही आहे. विंडोजमध्ये कॉन्ट्रास्ट थीम सुरू केली, की ब्राउझर साइटने ठरवलेले बहुतेक रंग बाजूला सारतो आणि वाचकाने निवडलेले मोजके रंग वापरतो. सावल्याही पुसल्या जातात. ज्या बटणाची कड फक्त सावलीने दाखवलेली असते, ते तिथे नुसत्या शब्दांसारखं दिसू लागतं. म्हणून जाणते डेव्हलपर अशा बटणाला एक पारदर्शक बॉर्डर देऊन ठेवतात. एरवी ती कुणालाच दिसत नाही. कॉन्ट्रास्ट थीममध्ये ब्राउझर बॉर्डरवरही वाचकाचा रंग चढवतो, आणि बटणाभोवती ठसठशीत चौकट उमटते.