येवल्यात मुक्काम

दिवाळीची सुट्टी लागली की आपल्याकडच्या गाड्या समुद्राकडे वळतात. दापोली, गणपतीपुळे, तारकर्ली, नाहीतर थेट गोवा. यंदा आम्ही उलट दिशेला, येवल्याला गेलो आणि तिथे दोन रात्री राहिलो. येवल्याला समुद्र नाही, थंड हवा नाही आणि तालुक्याचा पूर्व भाग तर पर्जन्यछायेतला. पालखेड कालव्याच्या आवर्तनाची वाट पाहणारा हा मुलूख. नाशिकहून संभाजीनगरकडे जाणारा रस्ता आणि मनमाडहून नगरकडे जाणारा रस्ता गावात एकमेकांना छेदतात. शिर्डी जवळच. आंध्र-तेलंगणातून येणारे साईभक्त याच तालुक्यातल्या नगरसूल स्टेशनवर उतरतात. म्हणजे येवल्यातून माणसं सतत जात असतात. ती थांबतात तासभर, पैठणी घेतात, चहा पितात, आणि निघतात. मुक्काम करत नाहीत, ही माझी खरी तक्रार आहे.

कारण पैठणी दुकानात दिसते ती घडी घातलेली. ती होताना पाहायची तर माग असलेल्या घरात बसावं लागतं, आणि बसायला वेळ लागतो.

येवल्याच्या जुन्या गल्ल्यांत कोष्टी, साळी, खत्री या समाजांची घरं आहेत. रघोजी नाईकांनी हे गाव वसवलं आणि गुजरातेतून रेशमाचे कारागीर आणून इथे स्थिर केले, असा गावाचा इतिहास सांगितला जातो. पुढे पेशव्यांच्या घराण्याने या वस्त्राला मान दिला. माधवराव पेशव्यांना रंगीत दुपट्ट्यांची आवड होती आणि कोणत्या रंगाचे हवेत हेही ते पत्रातून कळवत.

आम्ही बसलो होतो त्या घरात माग खड्ड्यात रोवलेला होता. विणकर जमिनीच्या पातळीला बसलेला, पाय खाली पावड्यांवर. रेशीम बंगळूरकडून येतं, जर सुरतेहून. रेशमाच्या लडी रंगवून वाळल्या की आसारीवर चढतात, तिथून कांड्यांवर. ताणा संपत आला की नवा ताणा जुन्याच्या टोकाला एकेक धागा पिळून जोडतात. ही सांधणी. हजारो धागे आणि प्रत्येकाला बोटांचा एकच हलका पीळ. करणाऱ्याची नजर मात्र भलतीकडेच. मी पाच धागे जोडून पाहिले. त्यातले तीन सुटले.

खरं काम पदराचं. तिथे धोटा सरळ या काठापासून त्या काठापर्यंत पळत नाही. मोराच्या मानेच्या निळ्या रंगाची एक छोटी कांडी, पिसाऱ्याच्या हिरव्याची दुसरी, जमिनीच्या जरीची तिसरी, अशा कितीतरी कांड्या ताण्यावर लोंबत असतात. विणकर प्रत्येक रंग त्याच्या हद्दीपर्यंत हाताने नेतो, शेजारच्या रंगात अडकवतो आणि परत फिरवतो. असं एका ओळीत पंधरावीस वेळा. मग फणी ओढून ओळ बसवायची. तासाभरात पदर बोटभरही पुढे सरकला नव्हता. साध्या काठाची, छोट्या पदराची साडी काही आठवड्यांत उतरते. अंगभर नक्षी असेल तर वर्ष सरतं.

हा रंग रंगात अडकवण्याचा प्रकारच पैठणीची ओळख आहे. म्हणून पदर उलटून पाहावा. हातमागाच्या पैठणीचा मोर मागूनही मोरच दिसतो. यंत्रावरच्या नकलेत मागे मोकळे धागे पसरलेले असतात, किंवा ते कापून टाकल्याच्या खुणा असतात. 2010 मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं. नकला त्यानंतरही खपतातच, आणि त्यांची किंमत विणकराच्या मजुरीवर येऊन बसते. दुकानात शिरण्याआधी एखाद्या मागापाशी अर्धा तास बसलेला माणूस भाव करताना जरा वेगळा वागतो, असं मला वाटतं. गावाजवळ अंगणगावला पैठणीचं पर्यटन केंद्र आहे. आधी तिथे जाऊन नारळी काठ आणि मुनिया, असावली आणि बांगडी मोर यांतला फरक समजून घेतला, तर गल्लीतल्या घरात विचारायचे प्रश्नही बरे सुचतात.

आसारी हा शब्द मघाशी आला. तोच येवल्यात संक्रांतीला गच्चीवर ऐकू येतो. इतर गावांत पतंगाचा मांजा फिरकीवर गुंडाळतात, येवल्यात आसारीवर. बांबूच्या पातळ काड्यांचा हलका पिंजरा, मधून लांब दांडा. सरावलेल्या हातात ती अशी फिरते की ढील देताना आणि ओढताना बोटं दिसत नाहीत. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गाव गच्चीवर असतं, खाली हलकडी वाजत असते. मागावरची आसारी आणि पतंगाची आसारी यांचं नातं कुठे लिहून ठेवलेलं मला सापडलेलं नाही. पण धागा गुंडाळण्यात ज्या गावाच्या पिढ्या गेल्या, त्या गावाने पतंगासाठी वेगळं साधन शोधलं असेल, असं मी मानत नाही. नायलॉनचा मांजा मात्र पक्ष्यांच्या आणि दुचाकीवाल्यांच्या गळ्याशी येतो. हा सण पाहायला जाणाऱ्यांनी सुती दोराच मागावा.

दुसरा दिवस गावाबाहेरचा. अंकाई-टंकाई ही जोडगोळी मनमाडच्या वाटेवर लांबूनच दिसते. दोन डोंगर, मध्ये खिंड, पायथ्याला अंकाई गाव आणि त्याच नावाचं रेल्वे स्टेशन. टंकाईच्या अंगाला गावाकडे तोंड करून जैन लेणी आहेत, अकराव्या-बाराव्या शतकांच्या सुमाराची. आकाराने वेरूळपुढे ती लहान आहेत. पण पहिल्या दुमजली लेण्याच्या दाराशी उभं राहिलं की चौकटीवरचं कोरीव काम हाताच्या अंतरावर येतं, आणि गर्दी अशी नसतेच. अंकाईच्या वाटेवर एकामागून एक दरवाजे लागतात. वर मोठं पठार, अगस्ती ऋषींचं स्थान आणि खडकातलं पाणी. 1635 मध्ये शहाजहानच्या फौजेने हा किल्ला घेतला आणि 1818 मध्ये तो इंग्रजांकडे गेला. सुरतेहून औरंगाबादकडे जाणारा व्यापारी रस्ता ज्याला राखायचा, त्याला हे दोन डोंगर हवेच होते. सकाळी सातच्या आत चढायला लागा. दहानंतर कातळ तापतो.

तिथून राजापूर-ममदापूरकडे. सुमारे 54 चौ. किमीचं हे राखीव संवर्धन क्षेत्र काळविटांसाठी आहे. माळ, खुरटं गवत, मध्ये मध्ये कांद्याची आणि मक्याची शेतं. काळ्या पाठीचा, पिळाच्या शिंगांचा नर आम्हाला एकच दिसला. माद्या आणि पाडसं पंचवीसेक. उन्हाळ्यात वनखातं पाणवठे भरतं. गाडीतून खाली न उतरणं आणि आवाज न करणं, एवढंच आपल्याकडून हवं. कोटमगावची जगदंबा येवल्यापासून अगदी जवळ. नवरात्रात तिथे नऊ दिवस घटी बसायला येणाऱ्या बायकांनी सारा परिसर भरून जातो.

येवल्यात इतिहासाची दोन नावं अशी आहेत की त्यांच्यापुढे बाकीचं पाहणं थांबतं. पहिलं तात्या टोपे. रामचंद्र पांडुरंग यांचा जन्म 1814 सालचा, इथला. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि हे कुटुंब दुसऱ्या बाजीरावांच्या मागोमाग ब्रह्मावर्ताला गेलं. 1859 च्या एप्रिलमध्ये, पकडल्यानंतर दिलेल्या जबानीत त्यांनी आपलं मूळ ठिकाण सांगितलं. इंग्रजीत उतरवणाऱ्याने त्याचं ‘जोला’ करून टाकलं, पण पुढे परगणा पाटोदा, जिल्हा नगर असं आहे. पाटोदा हे आजही येवला तालुक्यातलं गाव आहे, आणि येवला त्या वेळी नगर जिल्ह्यातच होतं. सत्तावनच्या उठावातलं कानपूर, ग्वाल्हेर, नर्मदेपलीकडची ती धावपळ, एवढं सगळं झाल्यावर, 18 एप्रिलच्या फाशीला काही दिवस उरलेले असताना, लहानपणीच सुटलेल्या गावाचं नाव त्यांनी सांगितलं.

दुसरं नाव बाबासाहेब आंबेडकरांचं. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी 2 मार्च 1930 रोजी सत्याग्रह सुरू झाला. पाच वर्षांहून अधिक काळ तो चालला आणि दार उघडलं नाही. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात भरलेल्या परिषदेत, हजारोंच्या समुदायापुढे, बाबासाहेबांनी जाहीर केलं की जन्म आपल्या हाती नव्हता, पण हिंदू म्हणून आपण मरणार नाही. मंदिरप्रवेशाचा लढा थांबवायलाही त्यांनी तिथेच सांगितलं. नागपूरची धर्मांतराची तारीख 14 ऑक्टोबर 1956. मधल्या एकवीस वर्षांची सुरुवात या गावातून झाली. आज तिथे मुक्तिभूमी हे स्मारक आहे.

आम्ही गेलो तेव्हा 13 ऑक्टोबर उलटून गेला होता. आवारात गर्दी नव्हती. पांढऱ्या साडीतल्या तीन आजी पायरीवर बसून घरच्या डब्यातली भाकरी खात होत्या. वर्धापनदिनाला गर्दीत नीट दर्शन झालं नाही, म्हणून पुन्हा आलो, असं त्यांनी सांगितलं. आम्हालाही अर्धी अर्धी भाकरी आणि ठेचा दिला. एकीने विचारलं, “तुम्ही पैठणी घ्यायला आलात का?” मी म्हटलं, ती काल पाहिली, आज इथे आलो. “मग बसा की निवांत,” ती म्हणाली, आणि बाजूला सरकून तिने जागा करून दिली.