आकड्यांचं सामाईक ग्रंथालय

एखादं मूल वहीत १, ३, ६, १०, १५ लिहितं आणि विचारतं, "सर, याला काही नाव आहे का?" आपल्यालाही पटकन आठवत नाही. अशा वेळी उपयोगी पडतो 'ओईआयएस', म्हणजे पूर्णांकांच्या क्रमिकांचा ऑनलाइन कोश. आकडे टाका, उत्तर येतं: त्रिकोणी संख्या. सोबत सूत्रं आणि संदर्भही मिळतात.

नील स्लोन यांनी विद्यार्थी असताना १९६४ मध्ये क्रमिका कार्डांवर टिपायला सुरुवात केली. १९७३ मध्ये त्यांचं पुस्तक झालं, १९९६ मध्ये सगळं इंटरनेटवर आलं. आज तिथे साडेतीन लाखांहून जास्त क्रमिका आहेत. नवी क्रमिका कोणीही पाठवू शकतं. स्वयंसेवक संपादक ती तपासतात, मगच ती कोशात जाते.

आपले देवळालीचे कापरेकर मास्तर आठवा. त्यांनी आपले शोध छोट्या पुस्तिकांतून छापले. अशा पुस्तिका हरवायला किती वेळ लागतो? पण आज 'कापरेकर संख्या' या कोशात आहेत: ९, ४५, ५५, ९९... (४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५!)

एक मात्र सांभाळा. कोश नाव सांगतो, सिद्धता आपणच द्यायची. वर्तुळावर बिंदू घेऊन सगळे एकमेकांना जोडा आणि जास्तीत जास्त किती भाग होतात ते मोजा: १, २, ४, ८, १६... पुढे ३२? नाही, ३१!

मुलांना आधी स्वतः मोजू द्या. कोश नंतर उघडा.