यंत्रांचं कूळ – १४ : परतीचा पत्ता

सीडीसी ३६०० या संगणकाची गोष्ट या आठवड्यात सांगायची होती. ती पुढे ढकलतोय. मोरव्याहून बसने निघालो होतो, राईला एक वाचक चढले आणि शेजारी बसून त्यांनी विचारलं, "तुम्ही ज्यांचे दाखले देता ते प्राध्यापक इतिहासाचे की संगणकाचे?" भाईंदर स्टेशन येईपर्यंत मी बोलत होतो, तरी उत्तर अर्धंच राहिलं.

संगणकाचे. आणि मला तेच योग्य वाटतं. मथाई जोसेफ यांचंच बघा. मुंबईचं विल्सन कॉलेज, मुंबई विद्यापीठ, मग केंब्रिज. तिथे १९६८ साली पीएच.डी., मार्गदर्शक डेव्हिड व्हीलर. व्हीलरांबद्दल थोडं थांबून सांगायलाच हवं. वर्गमूळ काढण्यासारखं काम प्रोग्रॅममध्ये वारंवार लागतं. त्याच्या सूचनांचा तुकडा एकदाच लिहून ठेवायचा आणि हवा तेव्हा बोलवायचा, हे सबरूटीन. पण काम झाल्यावर परत कुठे जायचं, हे त्या तुकड्याला कसं कळणार? केंब्रिजच्या एडसॅक यंत्रात त्याची सोय नव्हती. व्हीलरांनी अशी तोड काढली की तुकडा सुरू होताच आधी परतीचा पत्ता स्वतःच्याच शेवटच्या सूचनेत लिहून घेईल. रिटर्न तिकीट काढूनच गाडीत चढायचं, तसं.

अशा माणसाच्या हाताखाली शिकलेले जोसेफ १९६८ मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९८५ पर्यंत तिथे राहिले. व्ही. आर. प्रसाद आणि एन. नटराजन यांच्याबरोबर त्यांनी अनेक प्रोसेसर एकत्र चालवणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर पुस्तक लिहिलं, ते १९८४ चं. मग वॉरिक विद्यापीठात प्राध्यापकी, आणि १९९७ ते २००७ पुण्यात टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्राची धुरा. भारतातल्या संगणनाची कहाणी सांगणारं 'डिजिटल रिपब्लिक' आलं ते त्यानंतर, २०१३ साली. आधी साडेचार दशकं काम, मग इतिहास.

व्ही. राजारामन यांचंही तसंच. १९६३ मध्ये कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० संगणक आला तेव्हापासून त्यांनी मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवलं, आणि १९५५ ते २०१० या काळाचा भारतीय संगणनाचा इतिहास लिहिला तो ऐंशीच्या उंबरठ्यावर. दोघांचं लेखन शेजारी ठेवून वाचावं, असं मी आग्रहाने सांगेन. जो तो आपण काम केलेल्या शहरांतून देशाकडे बघतो, त्यामुळे एकाचं राहिलेलं दुसऱ्याकडे सापडतं.

यंत्र हाताळलेल्या माणसाच्या लेखणीत आकड्यांना वजन असतं. टाटा संस्थेचा टिफ्रॅक संगणक बांधणाऱ्या गटातले पी. व्ही. एस. राव यांनी २००८ साली 'रेझोनन्स' मासिकात त्या यंत्राचं सिंहावलोकन केलं. टिफ्रॅकची स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची. म्हणजे ८१,९२० बिट, आणि दर बिटाला फेराइटची एक बारीक कडी, तारांत ओवलेली. उत्तनच्या कोळीवाड्यात जाळं विणताना पाहिलेल्यांना त्या जाळीची कल्पना येईल. आडव्या तारेतून अर्धा प्रवाह, उभ्या तारेतून अर्धा. दोन्ही जिथे भेटतात तेवढीच कडी चुंबकत्वाची दिशा पालटते, बाकीच्या जागच्या जागी.

आजच्या हिशेबाने ही स्मृती १० केबी भरते. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, मग ते अक्षर असो वा काना-मात्रा, तीन बाइट लागतात. हा आठवड्याचा लेख टिफ्रॅकमध्ये ठेवायचा म्हटला, तर यंत्राची निम्म्याहून अधिक स्मृती यातच खर्ची पडेल. आणि त्या १० केबीतच प्रोग्रॅमही मावायचा आणि त्याची आकडेमोडही.

शिवाय कडी वाचली की तिच्यातलं पुसलं जायचं. म्हणून यंत्र प्रत्येक वेळी वाचलेलं लगेच पुन्हा लिहून ठेवायचं. सीडीसीतही अशाच कड्या होत्या. पुढच्या आठवड्यात तिथूनच सुरुवात करू.