नऊ चौरस इंच

नाशिकच्या माझ्या मावसबहिणीला बाथरूममधून बाहेर काढलं तेव्हा तिच्या अंगावर अजून साबणाचा फेस होता. डिसेंबरची पहाट, गॅस गिझर आतच, दाराला कडी, आणि गार वारा येतो म्हणून झरोक्यात कोंबलेला पेपरचा बोळा. शाळेची वेळ झाली म्हणून तिचा मुलगा दार वाजवत राहिला, त्यामुळे ती वाचली. याला अकरा वर्षं झाली. अजूनही छोट्या बंद जागेत ज्योत दिसली की माझी नजर आधी झरोका शोधते.

त्यामुळे गेल्या जानेवारीत अमेरिकेतल्या मिनेसोटात धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, बर्फावरच्या मासेमारीसाठी तंबू घेतलाय, आता आत लावायला हीटर बघायचाय," तेव्हा मी लगेच म्हटलं, मीही येते. सहा फूट बाय सहा फुटांचा कापडी तंबू, खाली गोठलेलं तळं आणि मधोमध गॅसची शेगडी. ऐकताना मला नाशिकचं ते बाथरूमच दिसत होतं.

बरोबर शेजारचे आजोबा होते. सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर शाळेची बस चालवलेली, आणि चाळीस हिवाळे मिल लॅक्स तळ्यावर काढलेले. दुकानात हीटरची अख्खी भिंत होती. विकणाऱ्या पोराने पहिला प्रश्न केला, "किती बीटीयूचा हवा?" आजोबांनी उत्तर न देता भावाला विचारलं, "तंबूला खिडक्या किती?" भावाला आठवेना. आजोबांनी डाव्या हाताचा तळवा पुढे धरला आणि उजव्या बोटाने त्यावर चौकोन काढला. तीन इंच बाय तीन इंच. "नऊ चौरस इंच. एवढं भोक कायम उघडं राहणार असेल तर पुढचं बोलू."

विजेचा हीटर सगळ्यात निर्धोक, हे मलाही सुचलं होतं. पण दीड हजार वॉटचा हीटर एक किलोवॉट-तासाची बॅटरी चाळीस मिनिटांत संपवतो, आणि त्या थंडीत बॅटरी त्याहूनही लवकर मान टाकते. डिझेलचा हीटर हवेच्या दृष्टीने उत्तम. त्यात इंधन वेगळ्या कोठडीत जळतं, धूर नळीने बाहेर जातो, आत फक्त गरम हवा येते. मोठं बिऱ्हाड घेऊन जाणाऱ्याने तोच घ्यावा. पण त्यालाही बॅटरी लागते, नळी लागते, आणि भावाला सगळं सामान एका घसरगाडीवर ओढत न्यायचं होतं. मोठ्या सिलिंडरच्या डोक्यावर बसणारी सूर्यफुलासारखी उघडी शेगडी स्वस्त होती. आजोबांनी तिच्या खोक्यावरची ओळ वाचायला लावली: फक्त उघड्यावर वापरण्यासाठी. ती परत फळीवर गेली.

उरले मिस्टर हीटर कंपनीचे तीन 'बडी'. धाकटा ३,८०० बीटीयूचा, म्हणजे आपल्या घरच्या इस्त्रीएवढी ऊब. मधला ४,००० ते ९,०००. थोरला १८,००० पर्यंत जाणारा, आणि सहा फुटांच्या तंबूत तो लावला तर कापड नाही तर गुडघे भाजायचे. धाकटा वजनाला हलका, पण सिलिंडरच्याच बुडावर उभा राहतो. मधल्याची बैठक बसकी आहे. तिन्ही कलंडले तर आपोआप बंद होतात, तरी आजोबांचं मत मधल्याकडे होतं. "हा घ्या आणि नेहमी बारीक आचेवर चालवा. आपल्याला खोली तापवायची नाही. बोटांना गाठ मारता आली आणि भोकावर साय धरली नाही की झालं." हीटरच्या माहितीपुस्तिकेत हवेच्या वाटेचा आकडा शोधला. नऊ चौरस इंच, असंच छापलेलं होतं.

मला खरा घोर होता तो खोक्यावरच्या दुसऱ्या ओळीचा. 'प्राणवायू कमी झाल्यास बंद होणारा.' हे वाचून माणूस निर्धास्त होतो, आणि माझ्या मते धोका इथेच सुरू होतो. या योजनेत एक छोटी पायलट ज्योत एका धातूच्या टोकाला चाटत राहते. हवेतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून १८ च्या आसपास उतरला की ती ज्योत टोकापासून सुटते, टोक गार पडतं, आणि गॅसची झडप मिटते. साधी, हुशार रचना आहे. पण ती मोजते फक्त प्राणवायू. कार्बन मोनॉक्साइड तिला कळत नाही. बर्नरमध्ये धूळ बसली, उन्हाळाभर गॅरेजमध्ये पडलेल्या हीटरच्या नळीत कोळ्याने जाळं केलं, की ज्योत पिवळी पडते आणि तो वायू तयार व्हायला लागतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपट जोराने चिकटतो. गॅस गळला तर वास येतो, कारण वास मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. अमेरिकेत घरांना लागणाऱ्या आगी सोडून नुसत्या या वायूने दरवर्षी चारशेहून अधिक माणसं मरतात.

मधला हीटर घेऊन आम्ही मिल लॅक्सला गेलो. मिनिआपोलिसच्या उत्तरेला दोन तासांवर. जायकवाडीच्या नाथसागराहून मोठं तळं, आणि त्याच्यावरून मोटारी चालतात. पायी जायला बर्फ निदान चार इंच हवा असं तिथलं खातं सांगतं. आम्ही उभे होतो तिथे तो हातभर जाड होता. उणे बावीस सेल्सिअस. नाकातले केस ताठ झाल्याचं आतून जाणवत होतं.

तंबू पाच मिनिटांत उभा राहिला. गिरमिटाने आठ इंची दोन भोकं पडली. आजोबांनी तंबूच्या कडेने भुसभुशीत बर्फ लोटून दाबला, फक्त दाराखालची कड मोकळी ठेवली. जळण्यासाठी ताजी हवा तिथून यायची होती, आणि हीटरचा गॅस, म्हणजे प्रोपेन, हवेहून जड असल्याने गळलाच तर बाहेर पडायलाही वाट हवी होती. हीटर थेट बर्फावर ठेवला नाही. खाली प्लायवुडची फळी घातली, नाहीतर उबेने बर्फ वितळतो आणि हीटर कलतो. हिरवा पौंडी सिलिंडर बाहेरच फिरवून लावला. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसमध्ये ब्युटेन बरंच असतं. ते शून्याच्या जरा खालीच वायू व्हायचं थांबतं, इथे नुसतं द्रव होऊन पडून राहिलं असतं. प्रोपेन उणे बेचाळीसपर्यंत साथ देतो.

मग आजोबांनी पिशवीतून वीतभर लांबीचा पांढरा पाइप काढला. मोरीला लावतात तसला, चार इंची. वरच्या खिडकीची चेन अर्धी उघडून तो फटीत बसवला आणि चेन त्याच्याभोवती घट्ट ओढून घेतली. चार इंची गोल म्हणजे साडेबारा चौरस इंच झाले, मी मनात हिशोब केला. नऊपेक्षा जास्तच. पाइपाची कड बोटांच्या घर्षणाने गुळगुळीत झालेली होती.

आजोबांच्या जाकिटाच्या आतल्या खिशातून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म निघाला. घरगुती अलार्म गोठणाऱ्या हवेत चालण्यासाठी बनवलेले नसतात, म्हणून तंबू उबदार होईतो तो छातीशी ठेवायचा आणि मग बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर टांगायचा. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला नवी होती. घरगुती अलार्म सत्तर पीपीएमला लगेच ओरडत नाही. तासाभरानंतर, कधी चार तासांनीही ओरडतो. म्हणून आकडा दाखवणाराच घ्यायचा आणि अधूनमधून आपण बघायचा. डोकं जड वाटलं तर आकड्याचीही वाट बघायची नाही. हीटर बंद करून सगळ्यांनी बाहेर यायचं.

दीड तासाने छतावरून थेंब पडू लागले. एक पौंड प्रोपेन जळला की दीड पौंडाहून जास्त पाणी तयार होतं. ते कापडाला लागून गोठतं आणि पुन्हा टपकतं. पाइपातून येणारी गार धार नेमकी भावाच्या मानेवर होती. त्याने दोनदा मान चोळली आणि मग हळूच टोपी काढून पाइपाच्या तोंडात बसवली. आजोबा गळाकडे बघत होते. एक शब्द न बोलता त्यांनी मागे हात नेला, टोपी काढून त्याच्या मांडीवर ठेवली, आणि स्वतःचं स्टूल उचलून त्या धारेखाली जाऊन बसले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नाशिकच्या घरातही कोणी वाईट नव्हतं. पोरीला वारा लागू नये, म्हणूनच मावशीने तो बोळा कोंबला होता.

संध्याकाळपर्यंत अलार्मवरचा आकडा शून्यावरून हलला नाही. दोन वॉलाय मासे मिळाले. बारीक आचेवर एक सिलिंडर पाच तासांहून थोडा अधिक पुरला. भावाने परतताना रस्त्यावरच्या दुकानातून चार इंची पाइपचा तुकडा कापून घेतला.

रात्री मी नाशिकला फोन लावला. तिकडे सकाळ होती. बहिणीने सांगितलं, गिझर तेव्हाच बाहेरच्या गॅलरीत हलवला, पण शेजारच्या तीन घरांत अजून आतच आहे. तुमच्याकडेही गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर या थंडीआधी तो बाहेर काढून घ्या. तोवर बादली भरून घ्या, गिझर बंद करा, दार उघडून हवा खेळू द्या, आणि मगच कडी लावून आंघोळीला बसा. झरोक्यात काही कोंबलेलं असेल, तर ते आजच काढा.