पहिली जुनी स्पोर्ट्‌स कार? एमजीबीच घ्या!

इंग्लंडमध्ये कुणी विचारलं, तर माझं उत्तर ठरलेलं: एमजीबी. १९६२ ते १९८० दरम्यान पाच लाखांहून जास्त बनल्या, म्हणून सुटे भाग आजही सहज मिळतात. गंमत म्हणजे तिचं १७९८ सीसीचं इंजिन आपल्या अँबॅसडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाच्याच ‘बी-सिरीज’ घराण्यातलं. चुलत बहीणच म्हणा, फक्त जरा चपळ!

घेताना चकचकीत रंगावर भाळू नका. गुडघे टेकून दाराखालच्या पट्ट्या बघा. हिला वेगळी चासी नाही. सगळा भार बॉडीवर आणि या पट्ट्यांवर. खिशात लोहचुंबक ठेवा. जिथे तो चिकटत नाही, तिथे गंज लपवायला पुट्टी भरलेली असू शकते. इंजिनाचं काम परवडतं, गंजाचं नाही.

१९७४च्या शेवटी अमेरिकी नियमांपायी काळे रबरी बंपर आले, गाडी उंचावली आणि वळणावर जास्त कलू लागली. त्यामुळे क्रोम बंपरवालीला भाव जास्त.

आणि चालवताना? पॉवर स्टिअरिंग नाही, बूड रस्त्याला टेकल्यासारखं. छप्पर उतरवून गावाकडच्या अरुंद रस्त्यावर ताशी ४० मैलांनी निघा. ८०ने उडाल्यासारखं वाटतं. टोपी मात्र घट्ट बसवा, माझी एक गेलीय.